पोटाचे जुने दुखणे आणि मनावरचा ताण: नोंद कशी ठेवावी
३ महिन्यांहून अधिक काळ पोट दुखत असेल आणि सोनोग्राफीत काही सापडत नसेल, तरी ते दुखणे खोटे नसते. आतडे आणि मेंदू मज्जातंतूंनी जोडलेले असल्याने चिंतेने वेदना वाढते आणि वेदनेने चिंता. १५ दिवस वहीत दुखण्याची वेळ, जेवण, झोप आणि मनावरचा ताण लिहावा. पाऊस लांबला, सोयाबीन वाळू लागले, कर्जाचा हप्ता आला, हेही लिहावे, कारण मराठवाड्यातील घरांत नेमके हेच डॉक्टरांना सांगायचे राहून जाते. नैराश्यावरील औषध अल्प मात्रेत दिल्यास घाबरू नये, ते वेदना शमवण्यासाठीही वापरतात. शौचातून रक्त गेल्यास किंवा वजन घटल्यास तपासणी लांबवू नये. जगणे नकोसे वाटल्यास टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर लगेच बोलावे.