खांदा नंतर, आधी कान

पहिल्यांदा शूटिंग रेंजवर आलेली पोरं हमखास विचारतात, "मॅडम, खांद्याला किती लागतं?" मी .22 (पॉइंट टू-टू) ही छोट्या गोळीची रायफल पुढे करते. हिची गोळी जेमतेम 2.6 ग्रॅमची, रायफल तीन-चार किलोची. खांद्यावर कुणी बोट टेकवावं इतकाच धक्का. तरी गोळ्या खाली मातीत. कारण खांदा नाही, कान: आवाजाच्या धास्तीने हात आधीच नळी खाली दाबतो.

मला हे कोल्हापुरात, कॉलेजच्या एनसीसीत कळलं. पाच राउंड, म्हणजे पाच गोळ्या, मिळाल्या, कानात कापसाचे बोळे. चौथ्या वेळी उस्तादांनी, म्हणजे शिकवणाऱ्यांनी, मला न सांगता डमी, न फुटणारी खोटी गोळी, भरली. चाप ओढला, आवाज झालाच नाही, पण नळी टुणकन खाली गेली. शेजारच्या पोरी फिदीफिदी हसल्या. आवाज-धक्का यायच्या आधीच मी त्याच्याशी झटापट करत होते. आज हीच युक्ती मी सगळ्यांवर करते.

म्हणून आधी कान बंद करा. .22 चा आवाजसुद्धा 140 डेसिबलच्या आसपास जातो, वर पत्र्याचं छत असेल तर विचारूच नका. कापूस बिनकामाचा. फोमचा बोळा बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर-मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. अर्धा बाहेर लोंबत असेल तर तो बसलेला नाही. त्यावर इअरमफ, म्हणजे हेडफोनसारखे कान झाकणारे कप. झुमके घरी ठेवा. चष्म्याची काडी जाड असेल तर मफ नीट बसत नाही, तेव्हा आतला बोळा हवाच.

बारा बोअरची, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीची, गोष्ट वेगळी. ट्रॅपच्या (उडत्या तबकड्या फोडायच्या खेळाच्या) काडतुसात 24 ग्रॅम छर्रे, म्हणजे .22 च्या गोळीच्या नऊपट वजन. बट, म्हणजे बंदुकीचं मागचं टोक, गळ्याच्या हाडावर नाही, खांद्याच्या खळगीत घट्ट ओढून धरा, गाल लाकडाला चिकटलेला, वजन पुढच्या पायावर. बट आणि खांदा यांत फट राहिली की बंदूक हातभर लांबून गुद्दा मारते. मागे रेललात तर तोल गेलाच म्हणून समजा.

आता रीतभात. नळी कायम टार्गेटकडे. हाक मारली म्हणून वळाल तेव्हा नळीही वळते, हे नवख्याच्या लक्षातच येत नाही. चाप ओढून गोळी सुटली नाही तर नळी तशीच ठेवा, तीस सेकंद थांबा, हात वर करा. टार्गेटचा कागद बघायला कुणी पुढे गेलं की बोल्ट (गोळी भरायचा खटका) उघडा, रायफल खाली ठेवून मागे सरका. तेवढ्या वेळात तिला हात लावायचा नाही, "जरा दुर्बीण बघतो" हेही नाही. दुसऱ्याची रायफल न विचारता उचलणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात. कुणी श्वास रोखून नेम धरलाय आणि मागे मोबाइलवर गप्पा चालल्यात, अशांना मी सरळ बाहेर काढते. आणि वडापावआधी साबणाने हात धुवा, बोटांना शिसं लागलेलं असतं.

शर्टाचं वरचं बटण लावा, बाह्या सोडा. गोळी सुटल्यावर बाहेर उडणारी गरम पुंगळी कुठेही शिरते. एनसीसीत रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्याव्या लागायच्या. एकदा एक कमी भरली. अख्खी तुकडी अंधार पडेपर्यंत गवतात गुडघ्यांवर. सापडली माझ्याच दुमडलेल्या बाहीत.