लाईनला दोष देऊ नका, आधी रीलची बेल बघा

रेवदंड्याच्या खाडीवर गळाने जिताडा पकडायला फेक मारताना माझा एक लुअर, म्हणजे नकली आमिष, लाईन (गळाची दोरी) सोडून एकटाच पलीकडे गेला. लाईन लीडरच्या, म्हणजे लुअरकडच्या जोडदोरीच्या, गाठीशी तुटली होती, म्हणून दोष गाठीला दिला आणि नवी बांधली. दुसरा लुअर गेला तेव्हा मात्र बारीक ‘टक्’ ऐकू आलं. फेक अर्ध्यावर असतानाच बेल मिटली होती.

बेल म्हणजे स्पिनिंग रीलच्या स्पूलपुढची (लाईन गुंडाळायच्या रिळापुढची) ती तारेची कमान. जामिनाची बेल वेगळी. पण हीसुद्धा बिघडली की मासा सुटतोच. तिची दोन्ही टोकं रोटरच्या, म्हणजे हँडलबरोबर स्पूलभोवती फिरणाऱ्या भागाच्या, दोन बाहूंवर बसलेली असतात आणि एका टोकाला लाईन वळवणारा छोटा रोलर असतो. आत स्प्रिंग असते, ती विजेच्या बटणासारखी वागते: बेल एकतर पूर्ण उघडी राहते, नाहीतर पूर्ण मिटते. बेल उघडली की रोटरमधला एक खटका आतल्या बाजूला सरकतो. मग हँडल फिरवलं की हा खटका रीलच्या अंगावरच्या उंचवट्यावर आदळतो आणि बेल फटकन मिटते.

ही सोय आहे म्हणून बहुतेक जण ती प्रत्येक फेकीला वापरतात, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी सवय हीच. 5.2:1 गिअरच्या रीलमध्ये हँडलच्या एका फेऱ्यात रोटर पाचहून जास्त वेळा फिरतो. त्या वेगाने खटका दिवसातून शे-दोनशे वेळा आपटला तर तो झिजणारच. पण खरं नुकसान स्पूलवर होतं. लुअर पाण्यात पडला की लाईन सैल असते. हँडल मारून बेल मिटवली की पहिले वळसे तसेच ढिले बसतात आणि त्यांच्यावर घट्ट वळसे चढतात. पुढच्या फेकीला तो ढिला वळसा दुसऱ्यांना सोबत घेऊनच बाहेर येतो. पातळ ब्रेड (विणलेली लाईन) असेल तर झालंच, अर्धा तास खडकावर बसून गुंता सोडवत राहा.

म्हणून लुअर पाण्याला टेकायच्या बेतात असताना स्पूलच्या कडेवर बोट ठेवून लाईन थोपवा, दुसऱ्या हाताने बेल मिटा, रोलरपाशी लाईन धरून किंचित ओढ द्या आणि मगच हँडल फिरवा. आठवडाभर आठवण ठेवावी लागते, नंतर हात आपोआप जातो.

बेल मध्येच मिटत असेल तर नवीन स्प्रिंग मागवायची घाई नको. जोरात फेकताना हँडलच्या वजनाने रोटर थोडा फिरतो आणि खटका उंचवट्याला लागतो. बेल उघडण्याआधी रोलर रॉडच्या बाजूला, बोटाजवळ येईल असा रोटर वळवून पाहा. काही रीलना फेकीच्या वेळी रोटर धरून ठेवणारा रबरी ब्रेक असतो. तो झिजला तरी हेच होतं. हे सगळं ठीक असूनही बेल उघडी राहत नसेल, तर मग स्प्रिंगच.

उलट तक्रारही येते: हँडल फिरवूनही बेल मिटत नाही. समुद्रावर वापरलेल्या रीलमध्ये याचं कारण बहुतेक वेळा बाहूच्या सांध्यात वाळलेलं मीठ असतं. रॉड खडकावर आपटून तार वाकली असेल तर लाईन रोलरपर्यंत न घसरता तारेवरच अडकते. काही जण बेल धरून रील उचलतात, त्यांचीही तार अशीच वाकते.

लाईनला सारखा पीळ पडत असेल तर रोलर तपासा. त्यावर मार्करने ठिपका द्या आणि लाईन थोडी ताणून हळू गुंडाळा. ठिपका जागचा हलला नाही तर रोलर जाम आहे. त्यावरून कापसाचा बोळाही फिरवा. धागे अडकले तर ब्रेडने खाच पाडली आहे, रोलर बदला. एरवी पातळ रील-तेलाचा एक थेंब पुरतो, जाड ग्रीस नको. डाइवा कंपनीच्या मॅगसील्ड रोलरमध्ये मात्र तेल अजिबात घालू नका, आतलं चुंबकीय तेल बिघडतं.

धुताना नळाची जोरदार धार नको, ती मीठ आत ढकलते. ड्रॅग (मासा ओढताना लाईन सोडणारा ब्रेक) घट्ट करून हलकं गोडं पाणी सोडा, सुकल्यावर ड्रॅग सैल करा.

नवी लाईन भरताना बेल आधी उघडून मगच स्पूलला गाठ मारा. सगळेच कधी ना कधी हे विसरतात.

स्प्रिंग स्वतः बदलणार असाल तर स्क्रू काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या, म्हणजे कुठलं टोक कुठल्या भोकात होतं ते कळेल. उलटी बसली तर बेल उघडी राहतच नाही. आणि हे काम पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करा. माझी पहिली स्प्रिंग उडाली ती फ्रिजखाली गेली, अजून तिथेच आहे.