ब्राउझरचा ठसा: फिंगरप्रिंटिंगपासून बचाव कसा करावा

डीटीपीचं काम करणाऱ्याच्या संगणकावर श्री-लिपी किंवा कृतिदेवचे फॉन्ट हमखास सापडतात. वेबसाइटला ते कळतात का? कळू शकतात. न दिसणारा मजकूर त्या फॉन्टमध्ये मांडायचा आणि त्याची रुंदी मोजायची, की फॉन्ट आहे की नाही ते समजतं. त्यात स्क्रीनचा आकार, ग्राफिक्स कार्ड, टाइमझोन आणि ब्राउझरची पसंतीची भाषा जोडली की तुमचा ठसा तयार होतो, आणि त्यावरून माग काढणाऱ्यांना तुम्ही पुन्हा ओळखू येता. त्यालाच ब्राउझर फिंगरप्रिंट म्हणतात. कुकी, म्हणजे साइटने ठेवलेली छोटी नोंद, तुमच्या संगणकात असते, ती पुसता येते. ठसा मात्र तुमच्याकडे साठवलेलाच नसतो. म्हणून इनकॉग्निटो खिडकीतही तो बहुतेकदा तसाच राहतो. व्हीपीएनने फक्त आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, बदलतो.

अमेरिकेतल्या ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१० साली सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले, तेव्हा ८३.६ टक्के ब्राउझरांचा ठसा त्या नमुन्यात एकमेव निघाला. आणि हा प्रकार मागे पडतोय म्हणावं, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये गूगलने जाहिरातदारांवरची ठसा वापरण्याची बंदी सैल केली. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने त्याला बेजबाबदारपणा म्हटलं.

आधी तपासा. ईएफएफचंच ‘कव्हर युवर ट्रॅक्स’ हे मोफत पान शोधून उघडा आणि चाचणी चालवा. तुमचा ठसा एकमेव आहे का, आणि कोणत्या गोष्टीमुळे तुम्ही जास्त उठून दिसता, हे तिथे कळतं. वापरात असलेल्या प्रत्येक ब्राउझरमधून एकदा पाहा.

मग ब्राउझर बदला. सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. सोपा पर्याय ब्रेव्ह. तो ठशात मुद्दाम थोडी भेसळ करतो आणि ती प्रत्येक साइटसाठी व प्रत्येक सत्रात बदलतो. त्यामुळे आजचा ठसा उद्याच्याशी जुळवणं अवघड होतं. फायरफॉक्स आवडत असेल तर सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त जाऊन ट्रॅकिंग प्रोटेक्शन ‘स्ट्रिक्ट’वर ठेवा. मग तुम्ही स्वतः बसवलेले फॉन्ट तो वेबपानांना वापरू देत नाही. युनिकोडच्या आधीची एखादी मराठी साइट त्यामुळे अगम्य अक्षरांत दिसू शकते. अशा वेळी पत्त्याशेजारच्या ढालीवर क्लिक करून तेवढ्या साइटपुरतं संरक्षण बंद करा. आयफोनवर सफारीची प्रायव्हेट खिडकी वापरा. आयओएस १७ पासून तिच्यात फिंगरप्रिंटिंगविरुद्ध जादा संरक्षण आहे.

फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंग्जमध्ये ‘रेझिस्ट फिंगरप्रिंटिंग’ नावाची आणखी कडक कळ आहे. ती सुरू केली की ब्राउझर वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत सांगतो, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. वेबमेल आणि कॅलेंडरमधल्या वेळा त्याने चुकतात. रोजच्या वापरासाठी मी ही कळ कुणाला सुचवणार नाही.

एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायची पुरवणी, एकच ठेवा: जाहिराती आणि माग काढणारे अडवणारं युब्लॉक ओरिजिन. माग काढणारी स्क्रिप्ट, म्हणजे पानासोबत येणारा छोटा प्रोग्रामच उतरला नाही तर ठसा घेता येत नाही. फायरफॉक्समध्ये ते अँड्रॉइड फोनवरही चालतं. क्रोमने पूर्ण आवृत्तीचा आधार काढला आहे, तिथे त्याच्या ‘लाइट’ आवृत्तीवर भागवावं लागतं. याहून जास्त एक्स्टेन्शन घालू नका. ब्राउझरचं नाव बदलून सांगणारी तर नकोतच: नाव सांगायचं आयफोनचं आणि ग्राफिक्स कार्ड दिसायचं विंडोज लॅपटॉपचं, असा ब्राउझर लाखात एक ठरतो. ‘डू नॉट ट्रॅक’ची कळही निरुपयोगी. ती साइट्सनी मानली नाही, उलट तिचाच ठशात उपयोग होऊ शकतो म्हणून ॲपलने २०१९ मध्ये सफारीतून ती काढली.

भाषेचा प्रश्न जरा अवघड आहे. पसंतीच्या भाषांत मराठी पहिली ठेवली की तुम्ही इंग्रजी ठेवणाऱ्या मोठ्या घोळक्यातून बाहेर पडता. अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या गावात बसलेल्या मराठी माणसाची तर ती जवळजवळ नावाची पाटीच. तरी माझ्या मते मराठी ठेवावी. साइट्सना मराठी वाचक दिसलेच नाहीत तर त्या मराठी पानं कशाला बनवतील? फार नाजूक काम असेल तेव्हाच इंग्रजी करा.

त्या नाजूक कामासाठी, म्हणजे आजाराची माहिती शोधणं किंवा बातमीदाराशी संपर्क साधणं, टॉर ब्राउझर आहे. त्याची सगळी रचना सर्व वापरकर्ते एकसारखे दिसावेत अशी आहे. खिडकी मोठी केलीत तर तो कडेला रिकाम्या पट्ट्या ठेवतो, त्या तशाच राहू द्या. खरा स्क्रीन आकार लपवायला त्या असतात. त्यात एक्स्टेन्शन घालू नका. वेग कमी असतो, आणि बँकेची साइट बहुधा अडवेल, म्हणून तिथे तो वापरूच नका.

लॉगिन वेगळं ठेवा. तुम्ही स्वतःच नावाने आत गेलात की ठसा लपवण्याला अर्थ उरत नाही. मेल, फेसबुक आणि खरेदीला एक ब्राउझर. वाचन-शोधाला दुसरा, आणि त्यात कुठेही लॉगिन नाही. पंधरवड्यात सवय होते.

फोनवरच्या ॲपना ब्राउझरची गरजच नसते, त्यांच्यासाठी जाहिरात आयडी, म्हणजे फोनला दिलेला ओळख क्रमांक, असतो. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲड्स’ शोधून तो डिलीट करा. आयफोनवर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मधल्या ‘ट्रॅकिंग’मध्ये ॲपना परवानगी मागण्याची मुभाच बंद करा.

हे सगळं झालं की चाचणी पुन्हा चालवा. ब्रेव्हमध्ये ठसा ‘रँडमाइज्ड’ असल्याचं दिसेल. तेच हवं आहे. इतर ब्राउझरमध्ये अजूनही ‘युनिक’ आलं, तर एक्स्टेन्शन आणि जादा फॉन्ट यांच्याकडे आधी बघा.