धानाचे अनुदान अडते कुठे? या चुका टाळा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात अनुदान हुकले की शेतकरी योजनेला दोष देतो. गावातल्या लोकांचे अर्ज भरून देताना मात्र मला वारंवार असे दिसले आहे की, शेतकरी पात्र असतो, कागदही असतात आणि चुकतो तो कामांचा क्रम.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पूर्वसंमती मिळण्याआधीच यंत्र विकत घेणे. महाडीबीटीवर, म्हणजे योजनांचे अर्ज भरायच्या राज्याच्या संकेतस्थळावर, निवड झाल्याचा संदेश म्हणजे खरेदीचा परवाना नव्हे. त्यानंतर कागदपत्रांची छाननी होते, मग पूर्वसंमती मिळते आणि त्यानंतरच्याच खरेदीला अनुदान लागू होते. माझ्या चुलतभावाची निवड झाली तेव्हा रोवणी तोंडावर आली होती. "संमती काय, येईलच," असे विक्रेत्याने सांगितले आणि भावाने त्याच दिवशी पॉवर टिलर घरी आणला. संमती ९ दिवसांनी आली, बिलावरची तारीख आधीची निघाली आणि अर्ज बाद झाला. अल्पभूधारक म्हणून त्याला ठरलेल्या मर्यादेत ५० टक्के रक्कम मिळणार होती. बिलाची तारीख बदलून घेण्याचा सल्ला देणारेही पुष्कळ भेटले. त्या वाटेने जाऊ नये, कारण खोटा कागद तयार करणे हा गुन्हा आहे. मी स्वतः पूर्वसंमतीचे पत्र छापून खिशात ठेवल्याशिवाय दुकानाची पायरी चढत नाही. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांनी हंगामापुरते यंत्र भाड्याने आणावे.

दुसरी चूक ई-पीक पाहणीची, म्हणजे मोबाइल ॲपवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद करण्याची. ती दुसऱ्यावर सोपवली की तो आपल्या सोयीने बांधावरून एक छायाचित्र काढतो, सवयीने क्षेत्र भरतो आणि मोकळा होतो. मग सातबाऱ्यावर धानाऐवजी पड जमीन दिसली की धान खरेदी केंद्रावर नोंदणी अडते. या नोंदणीवर केवळ हमीभाव अवलंबून नसतो. २०२३-२४ च्या हंगामात राज्याने हेक्टरी २०,००० रुपये, २ हेक्टरच्या मर्यादेत, प्रोत्साहनपर राशी दिली ती नोंदणी व लागवडीचे क्षेत्र पाहून, विकलेल्या पोत्यांवरून नव्हे. त्यामुळे धान घरी खाण्यापुरतेच असले तरी नोंदणी करावी, असे माझे ठाम मत आहे. पाहणी मी स्वतः बांधीत उभा राहून करतो आणि त्याच रात्री नोंद पुन्हा वाचतो, कारण नोंद केल्यापासून ४८ तासांत शेतकऱ्याला ती एकदा दुरुस्त करता येते.

बँकेत आधार दिले म्हणजे झाले, हाही गैरसमजच. थेट लाभाची रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, म्हणून नवीन खाते उघडताना आधार जोडण्याच्या संमतीच्या रकान्यावर वाचल्याशिवाय सही करू नये. पीएम-किसानचे हरवलेले हप्ते मला अनेकदा अशाच विसरलेल्या खात्यात सापडले आहेत. शेतकरी ओळख क्रमांक एप्रिल २०२५ पासून राज्यातील कृषी योजनांसाठी बंधनकारक आहे, तो आधी काढावा. सामाईक सातबाऱ्यावर इतर खातेदारांचे संमतिपत्र अर्जाआधीच तयार ठेवावे.

आणि अर्जात, तो भरून देणाऱ्या ऑनलाइन सेवा केंद्राच्या चालकाचा मोबाइल क्रमांक कधीही देऊ नये. त्रुटी पूर्ण करण्याचा संदेश त्याच्या फोनवर येतो, आपल्याला कळेपर्यंत मुदत उलटते.