कारखान्यातील ऊर्जाबचतीसाठी सरकारी साहाय्य कसे मिळवावे : ठाणे व नवी मुंबईतील लघु-मध्यम उद्योजकांसाठी मार्गदर्शन

वागळे इस्टेटमध्ये किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी औद्योगिक क्षेत्रात कारखाना चालवणाऱ्याच्या खर्चात कच्चा माल आणि पगार यांच्या पाठोपाठ वीज आणि इंधन येते. मालाचा भाव बाजार ठरवतो, विजेचा दर वीज नियामक आयोग ठरवतो. एक किलो माल तयार करायला किती युनिट लागावेत, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात असते. हा आकडा खाली आणण्यासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजाचा मोठा भाग केंद्र सरकार आज उचलते. तरीही अनेक चांगले प्रस्ताव अडतात, आणि माझ्या पाहण्यात त्याचे कारण बहुधा एकच असते : यंत्र आधी विकत घेतले जाते आणि मोजमापाची आठवण नंतर होते. शासनाचे साहाय्य मोजून दाखवलेल्या बचतीशी बांधलेले आहे, आणि बचत दाखवायची तर बदलाआधीचा वापर कागदावर असावा लागतो. म्हणून या लेखात योजनांइतकाच भर कामाच्या क्रमावर दिला आहे.

आधी बिले, मग योजना

सुरुवात मागील बारा महिन्यांच्या वीजबिलांपासून करावी. प्रत्येक महिन्याचे युनिट, नोंदली गेलेली कमाल मागणी, करार मागणी (वीज कंपनीशी ठरलेली मर्यादा) आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या भागाचे प्रमाण) एका तक्त्यात उतरवावेत, आणि त्यांच्या शेजारी त्या महिन्याचे उत्पादन किलोत, मीटरमध्ये किंवा नगांत लिहावे. बॉयलर किंवा भट्टी पाइप गॅसवर, फर्नेस ऑइलवर किंवा कोळशावर चालत असेल तर त्याचाही रकाना हवा, आणि जनरेटरचे डिझेलही सोडू नये. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांची आकारणी १ एप्रिल २०२०पासून केव्हीएएच पद्धतीने (कामी आलेल्या विजेऐवजी ओढलेल्या एकूण विजेवर) होते, म्हणजे खराब पॉवर फॅक्टरचा भुर्दंड आता वेगळ्या ओळीत न दिसता थेट वाढलेल्या युनिटांत मिसळून येतो. त्यामुळे पॉवर फॅक्टर सुधारणारी कपॅसिटर बँक निकामी झाली तरी बिलावर नुसती नजर टाकणाऱ्याला ते कळत नाही. हा दोष दुरुस्त करायला कोणत्याही योजनेची गरज नाही.

तक्ता तयार झाला की दर किलोमागे लागणारे युनिट काढावे. ज्या महिन्यांत उत्पादन निम्म्यावर आले पण वीज फारशी कमी झाली नाही, त्या महिन्यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण मालाशी संबंध नसलेला वापर तेथेच उघडा पडतो. रिकामे चालणारे कॉम्प्रेसर, अडवलेल्या व्हॉल्व्हवर पूर्ण वेगाने फिरणारे पंप आणि दिवसभर सुरू असलेले कूलिंग टॉवर ही त्याची नेहमीची ठिकाणे होत. पंप किंवा पंख्याचा वेग २० टक्क्यांनी कमी केला तर त्याला लागणारी शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते. व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग गरजेनुसार बदलणारे उपकरण, बसवण्याचे सारे समर्थन या एका नियमात आहे.

कॉम्प्रेसरची चाचणी

ऊर्जा लेखापरीक्षक, म्हणजे ऑडिटर, येण्याआधी एक चाचणी प्रत्येक कारखान्याने स्वतः करावी असे मी आग्रहाने सांगेन. ती सुट्टीच्या दिवशी करायची असते. आपल्या भागात अनेक कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी असते. त्या दिवशी देखभालीसाठी वीजपुरवठा बंद राहणार नाही ना, एवढे आधी पाहून घ्यावे. हवा वापरणारी सर्व यंत्रे बंद ठेवून कॉम्प्रेसर सुरू करावा आणि लाइन पूर्ण दाबाला येऊ द्यावी. खरे तर त्यानंतर कॉम्प्रेसरने पुन्हा लोड घेण्याचे, म्हणजे हवा दाबण्याचे, कारण नसते. तरीही तो घेतो, कारण कुठेतरी कपलिंग सैल असते, नळी चिरलेली असते किंवा ड्रेन व्हॉल्व्ह नीट बसत नसतो. मोबाइलमधील स्टॉपवॉच लावून तो किती वेळ लोडवर असतो आणि किती वेळ अनलोड राहतो (हवा न दाबता), हे आठ-दहा फेऱ्यांसाठी लिहून घ्यावे आणि सरासरी काढावी.

समजा कॉम्प्रेसर २०० सीएफएमचा (मिनिटाला २०० घनफूट हवा देणारा) आहे, सरासरी दीड मिनिट लोडवर आणि साडेचार मिनिटे अनलोड राहतो. सहा मिनिटांपैकी दीड मिनिट, म्हणजे २५ टक्के; ५० सीएफएम हवा कोणाच्याही उपयोगी न पडता निघून जात आहे. सात बार दाबाला एका सीएफएममागे साधारण ०.१८ किलोवॅट धरले तर ही गळती ९ किलोवॅटची होते, आणि वर्षाला ६,००० तास काम चालत असेल तर ५४,००० युनिटांची. नंतर साबणाचे पाणी आणि ब्रश घेऊन फिटरला लाइनवर फिरवावे. बुडबुडे येतील तेथे खडूने खूण करावी. याच वेळी दाबही तपासावा. एका बारने दाब कमी केला तर कॉम्प्रेसरची वीज सहा-सात टक्क्यांनी घटते, आणि एका दूरच्या यंत्राला हवा पुरत नाही म्हणून सगळ्या कारखान्याचा दाब वाढवून ठेवल्याची उदाहरणे कमी नाहीत.

येथे एक प्रश्न विचारला जातो : गळती आधीच बंद केली तर मूळ वापराचा आकडा खाली येईल आणि योजनेसाठी दाखवायची बचत कमी पडेल, मग थांबावे का? माझे स्पष्ट मत आहे की थांबू नये. दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे तारखेसह नोंदवावेत आणि गळती त्याच आठवड्यात बंद करावी. मंजुरीची वाट पाहत महिनोन्‌महिने हवा वाया घालवण्यात कोणताच फायदा नाही, आणि गळती धरून नवा कॉम्प्रेसर निवडला तर तो गरजेपेक्षा मोठा घेतला जातो व पुढची दहा वर्षे कमी लोडवर चालतो.

आपण कोणत्या गटात बसतो

योजनांचे दर उद्योगाच्या आकारावर ठरतात, म्हणून उद्यम नोंदणी अद्ययावत हवी. १ एप्रिल २०२५पासून यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २.५ कोटी आणि उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म, २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंतचा लघु, तर १२५ कोटी आणि ५०० कोटींपर्यंतचा मध्यम मानला जातो. या मर्यादा वाढल्यामुळे पूर्वी मध्यम असलेले काही कारखाने आता लघु गटात आले आहेत, आणि व्याज सवलतीत त्याने थेट फरक पडतो.

मुख्य योजना

ऊर्जा मंत्रालयाच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोची, म्हणजे बीईईची, ‘एडीईईटीआयई’ ही योजना, जिला बोलताना ‘अदिती’ म्हणतात, १५ जुलै २०२५ रोजी पानिपत येथे सुरू झाली. तिची एकूण तरतूद १,००० कोटी रुपये असून मुदत २०२५-२६ ते २०२७-२८ अशी तीन वर्षांची आहे. ऊर्जाकार्यक्षम यंत्रणेसाठी घेतलेल्या कर्जावर सूक्ष्म व लघु उद्योगांना ५ टक्के आणि मध्यम उद्योगांना ३ टक्के व्याज सवलत मिळते. त्याशिवाय गुंतवणुकीच्या दर्जाचे ऊर्जा लेखापरीक्षण, सविस्तर प्रकल्प अहवाल आणि बसवलेल्या यंत्रणेची बचत मोजून पडताळणे यांसाठीही मदतीची सोय आहे. प्रकल्पातून किमान १० टक्के ऊर्जाबचत व्हावी, ही प्रमुख अट आहे.

योजनेत १४ क्षेत्रे आहेत : पितळ, विटा, सिरॅमिक, रसायने, मत्स्यप्रक्रिया, अन्नप्रक्रिया, फोर्जिंग, फाउंड्री, काच, चामडे, कागद, औषधनिर्मिती, स्टील री-रोलिंग आणि वस्त्रोद्योग. टीटीसी आणि तळोजा येथील रसायन व औषध कारखान्यांनी, तसेच भिवंडीच्या वस्त्रोद्योगाने ही योजना सर्वप्रथम पाहावी. अंमलबजावणी समूहनिहाय असून पहिल्या टप्प्यात ६० औद्योगिक समूह घेतले आहेत, तेव्हा अर्जाआधी बीईईच्या पोर्टलवर आपल्या क्षेत्राबरोबर आपला समूहही तपासावा.

सवलतीचा अर्थ रुपयांत पाहू. बॉयलरमधील उष्णता परत मिळवणारी यंत्रणा आणि कंडेन्सेट रिकव्हरी (वाफ थंड होऊन झालेले गरम पाणी परत बॉयलरमध्ये वापरणे) यांसाठी एका लघु उद्योगाने १० टक्के दराने ५० लाखांचे कर्ज घेतले, तर पहिल्या वर्षाचे व्याज सुमारे ५ लाख होते, आणि त्यातील सुमारे अडीच लाखांचा भार सवलतीमुळे उतरतो. हप्ते फिटत जातील तसा हा आकडा कमी होतो. मात्र सवलत मिळते म्हणून यंत्रणा घेऊ नये. गुंतवणूक किती वर्षांत वसूल होईल, हे सवलत शून्य धरून काढावे. बॉयलरच्या फीडवॉटरचे तापमान कंडेन्सेटमुळे ६ अंशांनी वाढले तर सुमारे १ टक्का इंधन वाचते, अशा मोजता येणाऱ्या आधारावर तो हिशेब उभा राहायला हवा.

१४ क्षेत्रांच्या बाहेर असाल तर

वागळे इस्टेटमधील अनेक मशीन शॉप आणि फॅब्रिकेशनचे कारखाने या यादीत बसत नाहीत. त्यांच्यापैकी सूक्ष्म व लघु उद्योगांनी सिडबी या लघुउद्योग विकास बँकेमार्फत राबवली जाणारी ‘एमएसई-गिफ्ट’ योजना पाहावी. तीत हरित तंत्रज्ञानासाठीच्या २ कोटी रुपयांपर्यंतच्या मुदत कर्जावर २ टक्के व्याज सवलत आहे. दर्जा आणि पर्यावरण जपणाऱ्या उत्पादनासाठीच्या झेड प्रमाणपत्राच्या शुल्कात सूक्ष्म उद्योगांना ८० टक्के, लघु उद्योगांना ६० टक्के आणि मध्यम उद्योगांना ५० टक्के अनुदान आहे, आणि त्या प्रमाणपत्रासाठी ऊर्जेच्या नोंदीही ठेवाव्या लागतात. याखेरीज आयकर नियमांच्या यादीतील काही ऊर्जाबचत उपकरणांवर नेहमीच्या १५ टक्क्यांऐवजी ४० टक्के घसारा मिळतो. खरेदीआधी यादीतील नेमके वर्णन आपल्या सीएला दाखवावे, म्हणजे बिलावर उपकरणाचे नाव योग्य तसे लिहून घेता येईल.

राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेबद्दल मात्र एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. तिचा भर मागास भागांवर आहे, आणि ठाणे-नवी मुंबईचा विकसित पट्टा ‘अ’ गटात मोडतो. मराठवाड्यातील किंवा विदर्भातील परिचितांना मिळालेले भांडवली अनुदान आपल्यालाही मिळेल, हे गृहीत धरून प्रकल्पाचा हिशेब मांडू नये. आपल्या तालुक्याला काय लागू आहे, ते ठाणे जिल्हा उद्योग केंद्रात लेखी विचारावे. ऊर्जाबचतीसाठी राज्याची नियुक्त संस्था असलेल्या महाऊर्जेचे पुण्यातील मुख्यालय ऊर्जा लेखापरीक्षणाविषयी माहिती देते.

फार मोठा वापर असणाऱ्यांची वाट वेगळी आहे. उदाहरणार्थ, वस्त्रोद्योगात ३,००० टन तेलतुल्य, म्हणजे निव्वळ विजेत मोजल्यास वर्षाला साधारण साडेतीन कोटी युनिट, एवढा वापर असलेला कारखाना मोठ्या ऊर्जाग्राहकांना बचतीची उद्दिष्टे देणाऱ्या, २०१२पासूनच्या ‘पॅट’ योजनेत नामनिर्दिष्ट ग्राहक ठरला. त्याला कायद्याने उद्दिष्टे असतात, म्हणून त्याने स्वतंत्र सल्ला घ्यावा.

लेखापरीक्षण, बँक आणि त्यानंतर

ऑडिटर निवडताना बीईईचे प्रमाणपत्र पाहावे, आणि यंत्र विकणाऱ्या कंपनीचा ‘मोफत ऑडिट’ प्रस्ताव आला तर तो कोटेशन म्हणूनच वाचावा. अहवालात प्रत्यक्ष घेतलेली मोजमापे, ती घेतल्याच्या तारखा आणि त्या दिवसाचे उत्पादन असले पाहिजे. मोटरच्या नेमप्लेटवरून काढलेला वापर मान्य करू नये, कारण मोटर बहुधा पूर्ण लोडवर नसते. बँकेत जाताना अहवाल, बारा महिन्यांचा तक्ता, उद्यम प्रमाणपत्र, किमान दोन पुरवठादारांची कोटेशने आणि कर्जाच्या काळातील रोख प्रवाहाचा अंदाज एकत्र न्यावा. खरेदीची ऑर्डर कर्ज आणि सवलत या दोन्हींची स्थिती लेखी स्पष्ट झाल्यावरच द्यावी. ठाण्यात लघुउद्योजकांची टिसा, नवी मुंबईत ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आणि तळोज्यात उत्पादकांची संघटना आहे. बँकेत पाऊल ठेवण्याआधी तेथील अनुभवी सभासदांशी बोलावे.

यंत्रणा सुरू झाल्यावर तिला स्वतंत्र ऊर्जामीटर बसवावा. संपूर्ण कारखान्याच्या बिलावरून बचत सिद्ध करणे अवघड जाते, कारण तेवढ्यात एखादी शिफ्ट वाढते किंवा माल बदलतो. मीटरचे वाचन रोज ठरलेल्या वेळी, त्या दिवसाच्या उत्पादनासह, शिफ्ट सुपरवायझरने सही करून लिहावे, आणि पडताळणीसाठी येणाऱ्याला तीच वही दाखवावी.