गोल्फच्या स्विंगमध्ये जोर कुठून काढायचा

फौजेत मी पी.टी. इन्स्ट्रक्टर होतो, गोल्फ तिथल्याच छावणीच्या मैदानावर शिकलो. आता चोपड्याजवळ आमच्या रानातली पऱ्हाटी उपटून झाली, की गावातल्या पोरांना मोकळ्या शेतात शिकवतो. पोरं क्रिकेटवर वाढलेली. हातात क्लब, म्हणजे गोल्फची काठी आली, की दंडाच्या जोरावर झोडायला बघतात. पण चेंडू असतो जेमतेम ४६ ग्रॅमचा. त्याला क्लबच्या टोकाचा वेग हवा, आणि तो वेग जमिनीकडून वर चढत येतो. पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट धराव्यात.

उभं राहताना पाय खांद्याएवढे फाकवा, गुडघे सैल सोडा आणि खुब्यातून वाका. मांडीमागचा ताण जाणवला म्हणजे बरोबर वाकलात. पाठ गोल झाली असेल, तर आधी ती सरळ करा.

क्लब मागे नेताना खांदे साधारण ९० अंश वळतात, खुबे त्याच्या निम्मेच. या फरकामुळे पोटाच्या कडेचे तिरके स्नायू ताणले जातात, आणि ताणलेला स्नायू लगेच आखडला तर जास्त जोर देतो. क्लब न घेता असं वळून पाहा आणि उजवा हात उजव्या पुठ्ठ्यावर, म्हणजे कुल्ल्यावर ठेवा. तो स्नायू दगडासारखा कडक लागला पाहिजे. मऊ लागला, तर वजन तळव्याच्या बाहेरच्या कडेवर घसरलंय. ते टाचेच्या आतल्या बाजूला आणा.

खरी मेख पुढे आहे. खाली येणारा स्विंग, म्हणजे क्लब वरून फिरवत चेंडूपर्यंत आणणं, पाव सेकंदात संपतो, तेवढ्यात विचार करून काही जुळवता येत नाही. म्हणून क्रम अंगात मुरवावा लागतो: उजवा पुठ्ठा आणि मांडीचे स्नायू खुबा डावीकडे ढकलतात, मग धड सुटतं, मग छातीचे आणि पाठीचे मोठे स्नायू हात खेचतात, मनगट सगळ्यात शेवटी. ज्वारीवरची पाखरं हाकलताना गोफण अशीच फिरते. कंबर आधी, दगड शेवटी.

आमच्याकडच्या एका पोराचा चेंडू सारखा उजवीकडे वळायचा. तो खांद्यापासून सुरुवात करायचा, खुबा मागेच राहायचा. त्याला क्लब उलटा धरायला लावला, मूठ खाली आणि लोखंड हातात. हवेत फिरवला की ‘सूंऽ’ आवाज येतो. त्याचा आवाज उजव्या पायाजवळच संपायचा, म्हणजे वेग आधीच खर्च होत होता. मग दोन्ही पाय जुळवून उभा केला. क्लब वर पोचतो न पोचतो तोच डावं पाऊल चेंडू जायचा त्या दिशेला टाकायचं आणि मगच फिरवायचं. “खुबा पहिले, भो!” एवढंच मी ओरडत राहिलो. हळूहळू तो आवाज डाव्या पायाकडे सरकला. मला तर चेंडू लांब गेल्यापेक्षा हा आवाज सरकल्याचा आनंद जास्त होतो.

चेंडू गेल्यावर काम संपत नाही. एवढा वेग थांबवायचा कोणी? डाव्या मांडीमागचे स्नायू, डावा पुठ्ठा, पोटाचे तिरके आणि खांद्यामागचे छोटे स्नायू ब्रेक लावतात. ते कच्चे असले की भार कंबरेच्या मणक्यांवर जातो. मणक्यांचा तो भाग मुळात फार थोडा वळतो, आणि गोल्फ खेळणाऱ्यांची सगळ्यात जास्त तक्रार कंबरेचीच असते. म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा पाठीवर झोपून गुडघे दुमडून पुठ्ठे उचलण्याचा व्यायाम आणि कुशीवरचा प्लँक (एका कोपरावर आणि पावलांवर अंग सरळ तोलून धरणं) करा. खुबे आखडलेले असतील, तर आधी ते मोकळे करा. दिवसभर दुकानात बसणाऱ्यांनी तर नक्कीच.

मूठ आवळू नका. कोपराच्या आतल्या बाजूच्या दुखण्याला घट्ट पकड हेही एक कारण असतं. खेळायच्या आधी चालणं, हात फिरवणं, मग अर्धे स्विंग. थंड अंगाने पूर्ण ताकदीचा फटका मारायचा नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा सकाळी आठच्या आत आटपा आणि मीठ-साखरेचं पाणी सोबत ठेवा. दमलेला पुठ्ठा उशिरा जागा होतो, आणि तेव्हाच दंड पुन्हा पुढे घुसतात. तसं व्हायला लागलं, की त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवा.