पर्यावरण दिनाच्या उत्साहात ड्रम आणू नका: घरोघरी होणाऱ्या या चुका टाळा

5 जूनला पर्यावरण दिन होतो, व्हॉट्सॲपवर हिरवेगार फोटो फिरतात आणि त्याच आठवड्यात मला फोन सुरू होतात. ताई, कंपोस्टला ड्रम कुठला घेऊ, सोलर बसवू का, आम्ही घरातलं प्लॅस्टिक सगळं एकदम बंद करतोय तर काय काय आणू. मग गणपतीच्या सुमारास त्याच लोकांचे परत फोन येतात. वास येतोय, अळ्या झाल्यात, घरातले ओरडतायत, बंद करून टाकू का. दरवर्षी हेच चाललंय आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण एकदा हात पोळलेला माणूस परत या वाटेला येत नाही, उलट दहाजणांना सांगत सुटतो की हे सगळं आपल्याकडं जमत नाही. जमतं हो. चुका टाळल्या तर नक्की जमतं.

नुसता ओला कचरा भरणे

सगळ्यात जास्त घरं इथंच हरतात, म्हणून सविस्तर सांगते.

कंपोस्ट म्हणजे ओला कचरा ड्रममध्ये टाकून झाकण लावणं, एवढाच लोकांचा समज असतो. ओल्या कचऱ्यात पाणी आणि नायट्रोजन भरपूर असतं, त्याला जोडीला कोरडं कार्बनवालं काहीतरी लागतंच, म्हणजे वाळका पालापाचोळा, लाकडाचा भुसा, कोकोपीट, पुठ्ठ्याचे बारीक तुकडे. ते नसेल तर कचरा दबतो, आतली हवा संपते आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात, मग कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. ड्रम खराब नसतो, कल्चर पावडर (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंची) पण खोटी नसते, पाला नसतो!

आमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरी भागातल्या एका अपार्टमेंटची गोष्ट सांगते. सेक्रेटरी काका उत्साही माणूस, जूनमध्ये व्हिडिओ बघून मोठा ड्रम आणला, जिन्याखाली जागा नव्हती म्हणून पार्किंगच्या कडेला उघड्यावर ठेवला. आता जुलैतला कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला माहितीय, आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. आणि त्यात आला आखाड. श्रावण लागायच्या आधी घराघरात मटण, पाहुणेरावळे, तांबडा-पांढरा रस्सा, आणि ती सगळी हाडं, उरलेला रस्सा, चपात्या, भात, सगळं त्या ड्रममध्ये! वरच्या भोकांतून पाऊस आत, खाली रस्सा आणि तेल. चार-पाच दिवसांत वास तिसऱ्या मजल्यावर पोचला, रात्री कुत्र्यांनी ड्रम आडवा पाडला, सकाळी पार्किंगभर पांढऱ्या अळ्या. मीटिंग बोलावली, तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "आवो, पयला तो ड्रम उचला, मग पर्यावरण बघू."

मला बोलावलं तेव्हा ड्रम घंटागाडीत द्यायचं ठरत होतं. मी म्हटलं एक आठवडा द्या. ताडपत्री अंथरून सगळं बाहेर ओतलं, हाडं वेचून काढली. उरलेला माल मुठीत घेऊन पिळला तर बोटांमधून काळं पाणी गळायला लागलं, खरं तर पिळल्यावर जेमतेम एक-दोन थेंब यायला पाहिजेत, हाताला ओल लागावी एवढंच. एका लाकडाच्या वखारीतून भुश्याची पोती आणली (साध्या लाकडाचा भुसा घ्या, प्लायवूडचा नको, त्यात गोंद असतो), माल आणि भुसा थर देऊन परत भरला, ड्रम छपराखाली विटांवर ठेवला आणि एक दिवसाआड काठीनं वर-खाली करायला लावलं. आठवड्यात वास गेला. पण तोपर्यंत निम्म्या घरांचं मन उडालं होतं ते उडालंच. दुसऱ्या मजल्यावरची घरं मात्र अजून करतात आणि त्यांच्या गच्चीतली वांगी बघण्यासारखी असतात.

तर माझी सवय अशी. ओला कचरा एक डबा टाकला की वर तेवढाच, पावसाळ्यात दुप्पट कोरडा पाला. टाकायच्या आधी साली, देठं जरा बारीक चिरायची. विरजणाला वाटीभर आंबट ताक किंवा जुनं खत, बास. हाडं, रस्सा, मिसळीचा उरलेला कट, नारळाची करवंटी नाही म्हणजे नाही. अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कचरा खाणाऱ्या माशीच्या असतात, चावत नाहीत, खताला मदतच करतात, फक्त फार झाल्या म्हणजे ओल जास्त झाली, पाला वाढवा. आणि दोन-तीन महिने थांबा. पंधरा दिवसांत खत होतं का म्हणून विचारणाऱ्यांना मी आता उत्तरच देत नाही.

आणि मुख्य म्हणजे जूनमध्ये सुरू करू नका! फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. तेव्हा झाडं पानं टाकतात आणि आपल्याकडं काय करतात तर रोज सकाळी ती झाडून रस्त्याकडेला पेटवतात, सगळ्या कॉलनीत धूर, म्हाताऱ्या माणसांना खोकला. ज्याच्यासाठी लोक नंतर पैसे मोजून कोकोपीट आणतात तीच वस्तू जाळून टाकायची! माझं डोकं याच्याइतकं कशानं फिरत नाही. झाडणाऱ्या मावशींना आदल्या दिवशी सांगून ठेवा, पोत्यात भरून देतात. कोरड्या जागी ठेवलेली पाल्याची पोती अख्खा पावसाळा पुरतात.

जुनं टाकून "इकोफ्रेंडली" खरेदी करणे

ही माझी दुसरी चीड. एका मैत्रिणीच्या सुनेनं मनावर घेतलं, चांगलं घेतलं, पण पहिली गोष्ट काय केली तर स्वयंपाकघरातले प्लॅस्टिकचे धडधाकट डबे, बाटल्या, बरण्या पोत्यात भरून घंटागाडीत टाकल्या आणि ऑनलाइन काचेच्या बरण्या, बांबूचे ब्रश, कापडी पिशव्यांचा सेट मागवला. तो माल आला कशात तर थर्माकोल आणि बबलरॅपमध्ये. जुने डबे गेले कसबा बावड्याच्या डेपोकडं, जिथं आधीच कचऱ्याचे डोंगर आहेत. म्हणजे कचरा वाढला, पैसे गेले आणि घरात भांडण झालं ते वेगळंच.

जी वस्तू बनून घरात आलीय तिचा त्रास निसर्गानं आधीच सोसलाय. ती मोडेपर्यंत वापरायची. प्लॅस्टिकच्या डब्यात गरम आमटी नका ठेवू, डाळ-तांदूळ ठेवा, तेवढं पुरे. कापडी पिशव्यांचं पण तेच. कापसाला किती पाणी लागतं ते बघा, एका सुती टी-शर्टमागं साधारण 2700 लिटर पाणी धरतात. त्यामुळं दर कार्यक्रमाला मिळणारी नवी कापडी पिशवी घरात साठवण्यात काही अर्थ नाही, जुन्या साडीची, पडद्याची शिवा. इचलकरंजी आपल्या उशाला, चिंध्या-तुकडे पाहिजे तेवढे मिळतात, कुठलाही टेलर शिवून देतो. आणि पिशवी दारामागं खिळ्याला नको, गाडीच्या डिकीत ठेवा, कपिलतीर्थ मार्केटात पोचल्यावर आठवून काय उपयोग?

घरातल्यांवर एकदम कायदा लादणे

सोमवारपासून हे बंद, ते बंद. चालत नाही. एका वेळी एकच गोष्ट, ती न सांगता व्हायला लागली की पुढची. आणि घरातल्या मोठ्या बायकांना शिकवायला जाऊ नका, त्यांना विचारा. आमच्या सासूबाई अजून मला टोकतात, "ते तांदळाचं पाणी मोरीत काय वततीस, अळवाला घाल की." फाटक्या लुगड्याची वाकळ, भाजीच्या देठांची चटणी, जेवणापुरताच शिजवलेला भात, हे सगळं त्या करत आल्यात. सून किंवा मुलगा कोर्स करून आल्यासारखा बोलायला लागला की मात्र त्या चिडतात, आणि बरोबरच आहे त्यांचं.

गणपती शाडूचा, पण विसर्जन तसंच

मूर्ती शाडूची आणायची आणि निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीसकट पंचगंगेत, हे बघितलंय मी, घाटावर. शाडूची मूर्ती घरी बादलीत विरघळते, त्या मातीत पुढच्या वर्षीची मूर्ती नाहीतर कुंडी होते. मोठी असेल तर इराणी खण (पाणी साठलेली जुनी दगडाची खाण) आहे, मूर्ती नदीत न सोडता देऊन टाकायचं मूर्तिदान आहे, कोल्हापूरनं याच्यात चांगली वाट घालून दिलीय. निर्माल्यातला दोरा, जर, प्लॅस्टिकची फुलं काढा आणि बाकीचं कंपोस्टमध्ये.

सोलर घाईत बसवणे

सबसिडी आहे म्हणून धावू नका. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30 हजार, 2 ला 60 हजार आणि 3 किंवा जास्तीला 78 हजार मिळतात, पण ते सिस्टीम बसून सुरू झाल्यावर खात्यात येतात, आधी पैसे आपलेच. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात ते काढा. 1 किलोवॅटला दिवसाला साधारण 4 युनिट धरा, पावसाळ्यात बरेच कमी. महिन्याला शंभरएक युनिट जाळणाऱ्या घराला 3 किलोवॅट गळ्यात मारणारे भेटतात, त्यांना हिशोब मागा. आणि गच्चीवर सकाळी, दुपारी, चारला अशी तीन वेळा जाऊन सावली बघा. शेजारच्या नारळाची सावली एका पॅनलवर पडली तरी त्या अख्ख्या ओळीची वीज घसरते. त्याआधी जुने पंखे, बल्ब बदला, मग सोलर लहान लागतं.

सोलर वॉटर हीटरवाल्यांनी पाईपमधलं सुरुवातीचं गार पाणी मोरीत सोडू नका, बादली लावा, त्यात कपडे भिजतात. बोअरचं क्षाराचं पाणी असेल तर नळ्या वर्षातून एकदा साफ करून घ्या.

गरज नसताना आरओ

आरओ म्हणजे पाण्यातले क्षार काढणारं मशीन. ते विकणारे दारात येऊन नळाच्या पाण्यात वायरी घालून ते पिवळं-काळं करून दाखवतात ना, त्याला फसू नका, पाण्यातल्या साध्या क्षारांमुळं वीज वाहते आणि त्या लोखंडी दांड्यांचाच गंज उतरून तसा रंग येतो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ते मोजायचा मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. भारतीय मानकात 500 पर्यंत टीडीएस पिण्याला चालतो, आणि काळम्मावाडीचं धरणाचं पाणी इतक्या लांबून पाईपलाईननं आणायचं आणि आरओ लावून त्यातलं निम्म्याहून जास्त मोरीत सोडायचं हे मला पटतच नाही. टीडीएस कमी असेल तर साधा फिल्टर आणि यूव्ही (किरणांनी जंतू मारणारं) पुरतं, नाहीतर सरळ उकळा. बोअरचं पाणी असेल आणि आरओ लागतच असेल तर बाहेर पडणाऱ्या पाण्याची नळी बादलीत सोडा आणि त्यानं फरशी, संडास, गाडी धुवा. कुंड्यांना मात्र ते रोज घालू नका, क्षार साचून झाडं जळतात.